म्हाताऱ्या घोडीचे वजन टिकवण्यासाठी खुराक कसा ठेवावा? मदत हवी आहे

नमस्कार. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्याने आमचे घर घोड्यांवरच चालत आले आहे, आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या, साधारण 24 वर्षांच्या घोडीला आता कामातून मोकळे करून आम्ही दारातच सांभाळत आहोत. पावसाळ्यापासून तिच्या बरगड्या दिसू लागल्या आहेत. वाळलेले गवत ती बराच वेळ चघळते आणि शेवटी त्याचे ओले बोळे तोंडातून खाली टाकते. दाढा फार झिजल्याचे पशुवैद्यांनी सांगितले असून धारदार कडा घासून दिल्या आहेत. जंताचे औषधही झाले आहे.

घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो, पण तो चावताच येत नसेल तर वाळलेल्या लसूणघासाची बारीक कुट्टी भिजवून देणे पुरेसे होईल का? भिजवलेला हरभरा व गव्हाचा कोंडा थोडा थोडा चालू आहे. मात्र कोंड्यात फॉस्फरस जास्त व कॅल्शियम कमी असते, आणि खुराक एकदम वाढवला तर पोटशूळ उठण्याची किंवा खूर दुखावण्याची भीती वाटते. तेल घालून वजन भरून आल्याचा अनुभव कोणाला असल्यास, सुरुवातीला किती द्यावे व दिवसातून किती वेळा विभागून द्यावे, हे कृपया सविस्तर कळवावे.