फवारणीच्या विमानांचे जीवघेणे अपघात: दिवसाढवळ्या मनोरा दिसत का नाही?

शिवारवाट (प्रश्न):
जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलीजवळ शेतात बी टाकणारं रॉकवेल एस-२आर विमान वारा मोजायच्या मनोऱ्यावर आदळलं आणि वैमानिक गेला. मनोरा २०० फुटांना थोडासाच कमी. रोज जमिनीलगत उडणाऱ्याला तो दिसू नये, असं का? तारांचे अपघातही याच जातीचे का?

उंचसखल:
'थोडासाच कमी' हीच मेख आहे. अमेरिकेत २०० फुटांच्या वरच्या बांधकामाची विमान वाहतूक प्रशासनाला खबर द्यावी लागते. म्हणून असे मनोरे त्या रेषेच्या खालीच ठेवले जायचे. करड्या रंगाचा बारीक पाइप, चारी बाजूंनी ताणाच्या तारा, ना दिवा ना रंग. काही दिवसांत उभा राहतो, त्यामुळे गेल्या हंगामात पाहिलेलं शिवार या हंगामात तेच असेल असं धरून चालत नाही.

फवारणीचा वेग ताशी २२५ किमीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ६० मीटर. ३०० मीटरवर दिसला तरी हातात पाच सेकंद. शिवाय धडकेच्या रेषेतली वस्तू काचेवर एकाच जागी स्थिर दिसते. नजर हलत्या गोष्टीकडे जाते, तिच्याकडे नाही. २०१६ च्या कायद्याने ग्रामीण भागातल्या ५० ते २०० फुटी मनोऱ्यांवर खुणा सक्तीच्या करणारे नियम काढायला या प्रशासनाला सांगितलं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

तारखांब:
तारांची गोष्ट जरा वेगळी. तार शोधू नका, खांब शोधा. इन्सुलेटर आणि आडव्या अँगलची दिशा पाहिली की लाइन कुठे वळते ते कळतं. एखादा खांब एकटाच दिसला, तर त्यावरून मोटरच्या खोलीकडे सर्व्हिस वायर गेलेली असेल असंच धरा. हाय टेन्शन लाइनवर सगळ्यात वर बारीक अर्थ वायर असते. जाड तारा पाहून वर उचललेलं विमान तिच्यातच अडकतं. म्हणून लाइन ओलांडायची ती खांबाच्या माथ्यावरून.

आधी पाहून ठेवलेल्या तारेलाही विमानं धडकतात. मुख्य पट्टे संपून बांधाकडेची उरलेली फवारणी करताना दिशा बदलते, लक्ष कडेच्या पिकावर असतं आणि तार डोक्यातून जाते. काचेपुढचं तारकापं (तार कापणारं पातं) बारीक तारेपुरतंच. पोलादी गाभ्याची जाड तार त्याने तुटेलच असं नाही.

शिवारवाट:
आभारी आहे. वळणावर पडणाऱ्या विमानांचं काय?

उंचसखल:
६० अंश कलून उंची राखली तर भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखाची उचल तुटते तो वेग, ४१ टक्क्यांनी वाढतो. एअर ट्रॅक्टर ८०२ या फवारणीच्या विमानाच्या टाकीत सुमारे ३,००० लिटर मावतं. भरल्या टाकीने, उन्हाच्या कडाक्यात घट्ट वळण घेतलं की पंखाची उचल तुटते, आणि सावरायला खाली उंचीच नसते. वळण रुंद घ्यायचं. विमान जड वाटलं तर आपत्कालीन दांड्याने टाकी रिकामी करायची. औषधाच्या पैशांकडे त्या क्षणी पाहायचं नाही.

निंबोळी:
मदतीला धावणाऱ्यांसाठी: टाकी बहुधा वैमानिकाच्या पुढेच असते, त्यामुळे तो औषधात भिजलेला असू शकतो. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूने जा, रबरी हातमोजे घाला, त्याचे कपडे काढून साबणपाण्याने अंग धुवा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम असेल तर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा समजा. डब्यावरचं लेबल दवाखान्यात सोबत न्या, म्हणजे त्यावरचं अ‍ॅट्रोपिन हे औषध द्यायला वेळ जात नाही.