गोठवाल हो, पण वितळवणार कसं?

जुना_पशुपर्यवेक्षक
काल आपल्या ग्रुपवर एकानं पोस्ट टाकली. काचेच्या पेटीत झोपलेला अंतराळवीर आणि खाली मजकूर: "वीर्य गोठतं, गर्भ गोठतो, मग माणूस का नाही? विज्ञानकथेत आलेलं सगळं खरं झालंय, शीतनिद्रा आता काही वर्षांवर आलीय." लोकांनी धडाधड अंगठे दिले. माझ्या डोक्यातून ते रात्रभर गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी एकतीस वर्षं शिरोळ आणि करवीर तालुक्यात गाई-म्हशी भरवल्या, म्हणजे गोठवलेलं वीर्य सोडून त्यांना कृत्रिम रेतन केलं. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन मोटारसायकलला बांधून गावोगाव फिरलो. "वीर्य गोठतं, मग माणूस गोठेल" असं लिहिणाऱ्यानं कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, कधी हातात धरलेली नाही. एका कांडीत पाव मिलिलिटर माल असतो. गोठवण्याआधी त्यात साधारण २ कोटी शुक्रजंतू असतात. वितळवल्यावर त्यातले निम्मे हलले की कांडी चांगली धरतात. निम्मेच! बाकीचे एक कोटी मेले तरी गाय गाभण राहते, कारण लागतो एकच. माणसाच्या मेंदूतल्या निम्म्या पेशी मेल्या, तर पेटीतून उठणार कोण?

आणि हे निम्मे तरी वाचतात ते ग्लिसरॉलमुळं. १९४९ साली इंग्लंडात ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्याच्या सोबत्यांना ते योगायोगानं सापडलं. बाटल्यांच्या लेबलांचा घोळ झाला, साखरेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरॉल पडलं आणि कोंबड्याचे शुक्रजंतू गोठून पुन्हा हलले. एरवी पाण्याचे स्फटिक होतात, उरलेल्या पाण्यात मीठ दाट होतं, पेशी आक्रसते, फाटते. ग्लिसरॉल ते आवरतं, पण जास्त झालं की तेच विष. कांडीत ते मोजून घालता येतं. सत्तर किलोच्या देहात काळजाला, मेंदूला, हाडाला ते सारखं कसं पोचवणार?

२०१९ च्या पुरात हायवे बंद होता तेव्हाची गोष्ट. नायट्रोजनची गाडी आली नाही. कंटेनरमधला नायट्रोजन रोज थोडा उडतच असतो. तळ गाठला आणि सगळ्या कांड्या गेल्या. नंतर परत नायट्रोजन भरला म्हणून त्या जिवंत झाल्या नाहीत. दोनशे वर्षं प्रवास करणाऱ्या यानात तो कोण भरणार, हे एकाही कथेत वाचलेलं नाही.

उद्यमनगर_भट्टी
काका, तुमच्या अनुभवाला मान आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही.

जाडीचा मुद्दा आम्हाला कुणी शिकवायला नको. फाउंड्रीत पहिल्या दिवसापासून मॉड्युलस काढतो. आकारमान भागिले पृष्ठफळ, आणि ओतलेला धातू घट्ट व्हायला लागणारा वेळ त्याच्या वर्गात वाढतो. च्वोरिनोव्हचा नियम, १९४० चा. कांडी दोनेक मिलिमीटरची. तिच्या शंभरपट जाड वस्तू घेतली तर वेळ दहा हजारपट. त्यात बाहेरचा थर आधी आखडतो, आतला नंतर, आणि कास्टिंगला तडा जातो. गोठवलेल्या अवयवालाही अगदी असाच तडा जातो. इथवर मी तुमच्याच बाजूचा.

पण तुम्ही ग्लिसरॉलवर थांबलात. आता बर्फ होऊच देत नाहीत, द्रावण दाट करून इतकं झटकन थंड करतात की काचेसारखं घट्ट होतं. अडचण वितळवताना यायची. बाहेरून उष्णता दिली की बाहेर वितळणार, आत स्फटिक धरणार. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी लोह ऑक्साईडचे अतिसूक्ष्म कण रक्तवाहिन्यांतून आत सोडले, अवयव कॉईलमध्ये ठेवला आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र दिलं. आतून-बाहेरून एकदम गरम. ही आपली इंडक्शन भट्टीच झाली! २०२३ मध्ये त्यांनी उंदराचं मूत्रपिंड १०० दिवसांपर्यंत साठवून, असं वितळवून, दुसऱ्या उंदरात बसवलं आणि ते चाललं. दहा वर्षांपूर्वी हे कथेत लिहिलं असतं तर तुम्ही त्यालाही थाप म्हणाला असता.

जुना_पशुपर्यवेक्षक
उंदराचं मूत्रपिंड ग्रॅम-दीड ग्रॅमचं. माणसाचं दीडशे ग्रॅमच्या आसपास. तुझाच वर्गाचा नियम लाव आणि सांग. आणि मूत्रपिंडाला आठवणी नसतात.

राजारामपुरीची_आई
मी एरवी इथं लिहीत नाही. पण "माणूस गोठवता येत नाही" हे तुम्ही फार सहज लिहून टाकलंत.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तीन वेळा उपचार फसले. चौथ्या वेळी गोठवून ठेवलेला गर्भ सोडला. माझी लेक दोन वर्षं उणे १९६ अंशांत होती. आज ती पाचवीला आहे आणि आत्ता या क्षणी माझ्या शेजारी बसून भूमितीचा गृहपाठ करतेय. गोठवलेल्या गर्भातून पहिलं मूल १९८४ मध्ये मेलबर्नला जन्मलं, तेव्हाही लोकांनी हेच म्हटलं असेल. मला गाईच्या कांडीचं उदाहरण देऊन समजावू नका.

जुना_पशुपर्यवेक्षक
ताई, तुमच्या लेकीला आशीर्वाद. मी लिहिलेलं लागलं असेल तर माफ करा, पण ते मागे घेत नाही. गोठवतात तेव्हा तो गर्भ शंभर-दोनशे पेशींचा असतो, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा. त्याला मेंदू नसतो, काळीज नसतं. काही पेशी गेल्या तरी उरलेल्या त्यांची जागा भरून काढतात. पाचवीतल्या मुलीचं तसं नसतं.

राजारामपुरीची_आई
त्या शंभर-दोनशे पेशी माझ्यासाठी काय होत्या ते तुम्हाला कळणार नाही. पेशींचा हिशोब बरोबर असेल तुमचा. मान्य करते, एवढंच.

कागलचा_गोठा
विषय निघालाच आहे तर विचारतो. माझी एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाय तीन वेळा भरवली, तिन्ही वेळा उलटली, गाभण राहिलीच नाही. कालवडीचीच म्हणून महागडी कांडी घेतली होती. एका मित्राकडं त्याच कांडीनं खोंड झाला! लेझरनं निवडतात म्हणे. कसलं लेझर अन् कसलं काय. दर खेपेला एकवीस दिवस वाया, वर खुराक चालूच. यानातल्या माणसाचं नंतर बघू, आधी आमच्या गोठ्यातलं सांगा.

जुना_पशुपर्यवेक्षक
निवडतात ते खरं आहे. गाईबैलांत एक्स गुणसूत्राच्या जंतूत वाय असलेल्या जंतूपेक्षा साधारण ४ टक्के जास्त डीएनए असतो. रंगद्रव्य लावून एकेक जंतू लेझरसमोरून सोडतात. ज्याची चमक जास्त तो कालवडीचा. शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात, म्हणजे दहा खोंड होणारच. तुमच्या मित्राला कुणी फसवलं असं धरू नका. या निवडीत जंतू शिणतात आणि कांडीतली त्यांची संख्याही साध्या कांडीपेक्षा बरीच कमी असते. म्हणून ती पहिलारू, धडधाकट कालवडीला वापरावी. उलटणाऱ्या गाईला साधी कांडी द्या.

कागलचा_गोठा
हे कांडी देताना कुणी सांगत नाही. पैसे घेताना मात्र नव्वद टक्के नव्वद टक्के ऐकवतात.

गंगावेस_कट्टा
म्हशीचं तर त्याहून वाईट. मुका माज, कळतच नाही. आमच्या आजोबांच्या काळी रेडा सोडायचे, काम व्हायचं. कांडी आली आणि भाकड म्हशी वाढल्या.

जुना_पशुपर्यवेक्षक
चूक. साफ चूक. रेड्याबरोबर रोगही यायचे. गर्भपाताच्या साथी मी गोठ्यांत पाहिल्या आहेत. आणि मुका माज आजोबांच्या काळीही होता, तेव्हा नोंद कोण ठेवत होतं? पहाटे आणि रात्री उठून सोट (माजावरचा चिकट स्राव) बघायचा कंटाळा करायचा आणि दोष कांडीला द्यायचा. या एका गोष्टीवर मी आयुष्यभर लोकांशी भांडलोय, अजूनही भांडेन.

गंगावेस_कट्टा
कंटाळा? चार वाजता उठून कट्ट्यावर म्हैस पिळतो आम्ही, गिऱ्हाइकासमोर. पगारी माणसानं आम्हाला कंटाळा शिकवू नये.

रंकाळा_काठ
भांडण थांबवा, मूळ विषयावर या. मुळात गोठवायचंच कशाला? अस्वल हिवाळाभर झोपतं. शरीराचं तापमान थोडंच उतरतं, पण शरीराचा खर्च पाव हिश्शावर येतो. ध्रुवाकडच्या जमिनीतल्या खारीचं शरीर उणे २.९ अंशांपर्यंत जातं आणि ती पुन्हा उठते. नासानं माणसाला अशी गुंगी देऊन मंगळावर नेता येईल का, याच्या अभ्यासाला पैसे दिले होते. हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत आजही शरीर १८ अंशांपर्यंत उतरवून रक्ताभिसरण अर्धा तास थांबवतात. नॉर्वेत १९९९ मध्ये एक डॉक्टर बाई बर्फाखालच्या ओढ्यात अडकली, शरीर १३.७ अंशांवर गेलं होतं, तरी वाचली.

जुना_पशुपर्यवेक्षक
याला माझी ना नाही. झोप आणि गोठणं या दोन वेगळ्या गोष्टी. झोपेत काळीज चालतं, रक्त फिरतं, खर्च कमी होतो एवढंच. यावर कुणी कथा लिहिली तर मी आवडीनं वाचेन. त्या पोस्टनं दोन्ही एकाच पेटीत कोंबलं, राग त्याचा आहे.

विज्ञान_मास्तर
काका, इथं मला बोलू द्या. आठवीच्या वर्गात दरवर्षी मी हा विषय काढतो आणि पोरं पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त प्रश्न विचारतात. तुम्ही कथेकडून यंत्राची हमी मागताय, ती तिनं कधी दिलेलीच नाही. जयंत नारळीकर १९३८ मध्ये याच कोल्हापुरात जन्मले. १९७४ मध्ये त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली, कारण नावाकडं न बघता कथा जोखली जावी. त्यांच्यासारखा लेखक एक उडी घेतो आणि पुढचा हिशोब चोख ठेवतो. प्रचंड वेगात किंवा प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ मंदावतं, ही उडीसुद्धा नाही, ते मोजलेलं आहे. तुमच्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ठिकाण दहाएक किलोमीटरनं चुकेल. म्हणजे दूरच्या प्रवासाला गोठवण्याची पेटी हाच एक मार्ग नाही. वेग वाढवता आला तर प्रवाशाचं वयच कमी वाढेल.

उद्यमनगर_भट्टी
आणि तेवढ्या वेगाला इंधन कुठून आणणार, मास्तर? काकांनी नायट्रोजनचा हिशोब मागितला तर तुम्ही त्याहून मोठी उधारी काढली.

विज्ञान_मास्तर
बरोबर आहे. इंधनाचं उत्तर माझ्याकडं नाही. पण हा प्रश्न पोरांना पडतो तो कथेमुळंच, पोस्टमुळं नाही.

उद्यमनगर_भट्टी
काका, शेवटचं. तुम्ही म्हणता माणूस गोठणार नाही. मी म्हणतो अख्खा माणूस आपल्या हयातीत नाही, पण अवयव गोठेल. दान झालेलं मूत्रपिंड आज दीडएक दिवसात वापरावं लागतं. ते सहा महिने ठेवता आलं, तर आमच्या थोरल्या भावासारखं कुणी डायलिसिसच्या खुर्चीत बसून जुळणाऱ्या माणसाची वाट बघत संपणार नाही. ही ओढ त्या काचेच्या पेटीच्या चित्रानंच लावलीय मला. ते चित्र खोटं आहे हे मला कळतं.

जुना_पशुपर्यवेक्षक
भावाचं माहीत नव्हतं रे. वाईट वाटलं.

मूत्रपिंडाचं मान्य. मेंदूचं नाही. आणि त्या पोस्टचं तर अजिबात नाही, कारण गोठवणं सोपं, अवघड आहे ते वितळवणं, हे तिनं लपवलं. मी एकतीस वर्षांत बिघडलेल्या जेवढ्या कांड्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक गोठवताना नाही, वितळवताना बिघडल्या. ३७ अंशांचं पाणी, अर्धा मिनिट, पुसून लगेच वापरायची. एवढंच आहे, आणि एवढंच लोक करत नाहीत.

कागलवाले, गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. आणि भरवणाऱ्याला विचारा, कांडी कोमट पाण्यात धरली होती का.

कागलचा_गोठा
आत्ताच फोन करून विचारलं. पाणी नव्हतं, मुठीत धरून वितळवली म्हणाला.

जुना_पशुपर्यवेक्षक
तिन्ही वेळा?

कागलचा_गोठा
तिन्ही वेळा.