जुनी दफनभूमी, नवी दफनभूमी (घरचा ग्रुप)

दादा (सुरत): ग्रामपंचायत नव्या दफनभूमीला कुंपण घालून देतेय म्हणे. तलाठी जागेचा कागद मागतोय. कोणाकडे आहे का?

आत्या: नवी म्हणे! पन्नास वर्षं झाली तिला. माझी आई तिथे पहिली.

नाना: कागद कसला? धरणाच्या साहेबांनी चुना टाकून हद्द दाखवली, आपण पुरायला लागलो.

दादा: जुनी मग पाण्यातच गेली ना, नाना?

नाना: हो. 1972 ला उकाई झालं. धरण गुजरातेत, फुगवटा आपल्या नवापूर तालुक्यात. घरांचे वासे, कौलं, दारं काढून वर आणली. मढी कोण आणणार? मे महिन्यात पाणी उतरलं की दोन-चार सिमेंटचे क्रूस गाळात दिसतात. एकावर ‘19’ वाचता येतं, पुढचे आकडे झिजले.

वहिनी: आणि मिशन यायच्या आधी?

नाना: स्कँडिनेव्हियन मिशनवाले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. त्याआधी आपल्यात दगड नाहीतर कोरलेला लाकडी खांब उभा करायचे. बाप्तिस्मा घेतलेल्यांची जागा वेगळी झाली आणि भाऊबंदकीत तिथेच ठिणगी पडली. आजोबा सांगून गेले होते, मला बांधावरच ठेवा. चर्चच्या पाळकांनी ऐकलं नाही.

काकी: ट्रॅक्टर आहे आपला. क्रूस उचलून वर आणायचे का?

आत्या: अजिबात नाही. माणूस खाली ठेवून नुसतं सिमेंट आणून काय करणार?

दादा: नावं तरी उतरवून घेऊ. चर्चच्या मंडळीच्या रजिस्टरात दफनाच्या नोंदी असतील.

वहिनी: आहेत, पाळकसाहेबांच्या कपाटात. कडा वाळवीने खाल्ल्यात. रविवारी उपासना झाली की पानापानाचे फोटो काढते.

दादा: जागेच्या कागदासाठी नंदुरबारला जाऊ का?

नाना: आधी धुळ्याला जा. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 चा, आपलं भूसंपादन त्याच्या कितीतरी आधीचं. फाइल धुळ्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असली तर असेल. सातबाऱ्यावर ‘सरकार’ लागलं असेल तर तलाठ्याशी वाद घालू नकोस. ग्रामसभेचा ठराव घे, भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाक. कुंपण त्यानंतर. पश्चिमेकडची एक ओळ शेजाऱ्याच्या नांगराखाली गेलीच आहे. आज तार ओढली तर ती कायमची त्याची.

दादा: गट नंबर?

आत्या: शेतसाऱ्याची जुनी पावती लाइटबिलांच्या पिशवीत आहे. सकाळी फोटो टाकते. तोवर कोणी गुड मॉर्निंगची फुलं टाकू नका, सापडत नाही मग काही.