वईला (कुंपणाला) कण्हेर आहे, कोंबड्या मोकळ्या सोडू का?

नवा_परसदार: कुडाळजवळ जुनं घर घेतलंय, परसात गावठी तलंगा आणि एक कोंबडा आणलाय. अजून खुराड्यातच आहेत. वईला आधीच्या मालकाने लावलेली कण्हेर, न्हाणीच्या पाण्यावर अळू, अंगणात जास्वंद, झेंडू, सदाफुली, गडग्यावर घाणेरी माजलेली. बायको म्हणते सगळं उपटा, मगच सोडा. शेजारचे आजोबा म्हणतात, कोंबडीला कळतं काय खायचं ते. कोणाचं ऐकू?

देवगडची_काकी: आजोबांचं अर्धं खरं. पोट भरलेली, मोकळी फिरणारी कोंबडी उभ्या कण्हेरीला सहसा तोंड लावत नाही. पान चिवट, वर कडू. घात होतो तो छाटणीनंतर. बारीक तुकडे पातेऱ्यात, म्हणजे खाली पडलेल्या पाचोळ्यात, मिसळतात आणि कोंबड्या दिवसभर पातेराच उकरतात. कण्हेर सुकली म्हणून विष जात नाही, ते थेट हृदयावर जातं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही तसलीच, तिच्या बिया तर फारच वाईट. तेव्हा छाटलेलं सगळं गोळा करून कोंबड्या पोचणार नाहीत तिथे पुरा. जाळू नका, धूरही बाधतो.

घाणेरी काढाच. गुरांचं यकृत ती खराब करते हे सगळ्यांना माहीत आहे, मग कोंबड्यांच्या वावरात ठेवायची कशाला? सदाफुलीपासून कॅन्सरची औषधं बनतात, एवढ्यावरून ओळखा, कुंड्या उंचावर ठेवा. अळवाचं काही नाही, कच्चं पान घशाला खाजतं, एकदा चोच मारून सोडून देतात.

जास्वंद खुशाल खाऊ दे. फक्त देवाला फूल उरणार नाही.

नवा_परसदार: आणि झेंडू? तालुक्याच्या नर्सरीतून आणलाय.

देवगडची_काकी: झेंडू उत्तम. पाकळ्यांतल्या रंगाने बलक केशरी होतो, कोंबडीखाद्यातसुद्धा झेंडूचा अर्क घालतात. पण नर्सरीच्या रोपावर काय फवारलंय ते विचारा. सांगता आलं नाही तर ही फुलं देऊ नका, घरी बी टाका आणि त्याची द्या.

माजघर: आमच्याकडे आजीच्या काळापासून कण्हेर आहे, एक कोंबडी मेली नाही. उगाच घाबरवू नका.

देवगडची_काकी: तुमच्या कोंबड्या दिवसभर रानात. यांच्या खुराड्यात. कोंडलेली कोंबडी कंटाळून समोर येईल त्याला चोच मारते, हाच फरक. म्हणून सोडायच्या आधी शेवग्याचा पाला, माठ, घोळ यांची जुडी दोरीला बांधून खुराड्यात टांगा. भूक भागवून बाहेर पडल्या की निम्मं काम झालं.

शेतकरी_पोरगा: काकी, एरंड राहिला. आमच्या उकिरड्यावर आपोआप उगवतो. गुंजेचा वेलही.

देवगडची_काकी: बरं आठवलंस. दोन्हींच्या बियांत जहाल विष. झाड लहान असतानाच उपटायचं, बोंडं धरायची वाट बघायची नाही. बटाट्याची हिरवट सालं आणि टोमॅटोचा पालाही खुराड्यात टाकू नका, कच्चा राजमा तर नाहीच. आणि कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, मान टाकली, तर झाडपाला उगाळत बसू नका, पशुवैद्यांकडे न्या. काय खाल्लं असेल त्याची डहाळी सोबत घ्या.

नवा_परसदार: बायकोला वाचून दाखवलं. घाणेरी उद्याच काढतो, कण्हेर ती ठेवू देईल असं वाटत नाही. जास्वंदीला जाळी किती उंच लावू?

देवगडची_काकी: कोंबडा उडेल त्याहून हातभर उंच. खालच्या फांद्या त्यांच्याच समजा.