वडिलांच्या गुडघ्यांना झेपतील अशा मुंबईतील समुद्रकाठच्या आणि खाडीकाठच्या वाटा सुचवाव्यात

गिरणगावची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे असून गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाट जमिनीवर दोन-अडीच किलोमीटर चालण्यास डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे. मात्र जिने, चढ आणि खडकाळ जागा टाळायच्या आहेत. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती रोज तेच तेच फेरे मारून ते कंटाळले आहेत. त्यांना पाणी, झाडे आणि पक्षी पाहत चालायचे आहे.

गेल्या पौर्णिमेला आम्ही मोठ्या हौसेने शिवडीला रोहित पक्षी पाहायला गेलो. सकाळी अकराच्या सुमारास जेट्टीवर पोहोचलो तर समोर काठापर्यंत नुसते पाणी होते. वडील भर उन्हात अर्धा तास बसून राहिले, काही बोलले नाहीत, आणि परतताना फक्त एवढेच म्हणाले की पूर्वी इथे बरेच पक्षी असत म्हणे. मला फार वाईट वाटले. आमचे काय चुकले, आणि लोकल किंवा टॅक्सीने सहज गाठता येतील अशा आणखी कोणत्या वाटा आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीकाठ

पक्षी नक्कीच आहेत, तुम्ही भरतीच्या वेळी पोहोचलात एवढेच झाले. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चिखलात उगवणाऱ्या शेवाळावर आणि त्यातील बारीक जिवांवर जगतात, त्यामुळे ओहोटीने चिखल उघडा पडला की ते त्यावर पसरतात आणि भरतीने चिखल झाकला गेला की विश्रांतीसाठी दुसरीकडे उडून जातात. पूर्ण ओहोटीलाही जाऊ नये, कारण तेव्हा ते इतके दूर गेलेले असतात की दुर्बिणीशिवाय गुलाबी रेघेपलीकडे काही दिसत नाही. भरतीच्या सुमारे तीन तास आधी पोहोचावे. पाणी जसजसे चढते तसतसा त्यांचा थवा आपसूक काठाकडे सरकतो, आणि मग मान खाली घालून, चोच उलटी करून, पायांनी चिखल ढवळत ते चरताना अगदी जवळून दिसतात. काळसर चोचीचे, अधिक गुलाबी दिसतात ते लहान रोहित. उंच, पांढरट अंगाचे आणि गुलाबी चोचीला काळे टोक असलेले ते मोठे रोहित. मळकट करडे दिसणारे पक्षी म्हणजे त्यांची पिल्ले.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शिवडीचा काठ पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या वाटतात. दुपारी चारनंतर मात्र ऊन आपल्या पाठीशी असते आणि पक्ष्यांचा खरा रंग उठून दिसतो. म्हणून संध्याकाळची भरती असलेला दिवस निवडावा. हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकापासून जेट्टी फार लांब नाही, परंतु रस्ता गोदामांमधून जातो आणि त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते, म्हणून वडिलांसाठी टॅक्सी करावी व चालणे जेट्टीवरच ठेवावे. तेथे बाक किंवा स्वच्छतागृह मिळेल असे धरून चालू नये. घडीची खुर्ची आणि पाणी सोबत असू द्यावे. १६८० मध्ये इंग्रजांनी बांधलेला शिवडीचा किल्ला जवळच आहे, पण तेथे चढावे लागते, तेव्हा तो सध्या राहू द्या. नोव्हेंबरपासून मेपर्यंतचा काळ पक्ष्यांसाठी योग्य असतो.

माहीमचा कोळी

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. भरती केव्हा, हे घरातल्या घरात काढण्याची आमच्याकडची जुनी रीत येथे देतो. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. म्हणूनच तुम्हाला अकरा वाजता काठोकाठ पाणी दिसले. दिवसातून दोनदा भरती येत असल्याने हीच वेळ पहाटे-सकाळी आणि दुपारी-रात्री अशी दोन्हीकडे धरावी, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी समजावी. वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, त्यामुळे निघण्यापूर्वी मोबाइलवर नेमकी वेळ पाहून घ्यावी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते व पाणी झपाट्याने चढते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी असतो.

चालण्यासाठी माझी पहिली पसंती धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाला आहे. ज्या जागी एके काळी शहराचा कचरा टाकला जात असे, तेथे माती भरून, झाडे लावून सुमारे ३७ एकरांचे जंगल उभे केले गेले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आत सावली दाट आहे, वाटा सपाट आहेत, बसायला जागा आहेत, आणि एका बाजूला मिठी नदी व तिच्या काठची खारफुटी आहे. शीव स्थानकापासून टॅक्सीने थोड्याच वेळात पोहोचता येते. मिठीचा वास येतो हे मान्य केले पाहिजे, पण झाडांमध्ये शिरल्यावर तो जाणवेनासा होतो.

खारफुटी जवळून दाखवायची असेल तर वांद्र्याचा कार्टर रोड सोपा पडेल. तेथील पदपथ एकसारखा आहे, बाक आहेत, आणि पदपथाला लागूनच तिवरांची झाडी आहे. ओहोटीला जावे. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली हजारो टोके दिसतील. ती तिवराची श्वसनमुळे. त्यांच्यामधून निवट्या पोटावर सरकत, मध्येच उडी मारत फिरत असतात. त्या मासे असूनही चिखलावर राहतात, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावून पाहा, खारट लागते. मुळांवाटे आत आलेले जास्तीचे मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकते. लहानपणी आम्ही हाच खेळ करत असू. वडिलांना हे नक्की आवडेल.

नेरूळनिवासी

शिवडीहून भरतीच्या वेळी उडालेले रोहित कोठे जातात, याचे उत्तर आमच्या नेरूळ-सीवूड्सकडे आहे. पाम बीच मार्गालगतच्या पाणथळींवर, म्हणजे टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे आणि डीपीएस शाळेजवळच्या डीपीएस तलावावर, त्यांचा मोठा समुदाय भरतीच्या काळात एका पायावर उभा राहून विसावतो. याचा अर्थ असा की पौर्णिमेला सकाळी अकरा वाजता तुम्ही शिवडीऐवजी येथे आला असता तर चित्र अगदी वेगळे असते.

या तळ्यांना खाडीचे पाणी आत-बाहेर होणे आवश्यक असते. ते अडले की तळे आटते किंवा शेवाळाने भरते आणि पक्षी फिरकत नाहीत. २०२४ मध्ये डीपीएस तलावाबाबत आम्ही हे पाहिले आहे, आणि तेव्हापासून सकाळच्या फेरीत पाण्याची पातळी पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. बांधावरची वाट मातीची आणि काही ठिकाणी खडबडीत आहे, म्हणून वडिलांना एखाद्या सपाट ठिकाणी उभे करून पक्षी दाखवावेत आणि चालण्यासाठी नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ येथे न्यावे. तेथे जलाशयाभोवती नीट बांधलेला मार्ग आहे, आणि बगळे, शेकाटे, खंड्या सहज दिसतात. सीवूड्स-दारावे स्थानकावर उतरून रिक्षा मिळते.

ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते. बोटही भरतीच्या वेळेनुसारच सुटत असल्याने आधी चौकशी करून जावे. गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांना बोटीत चढताना-उतरताना हात देणारे माणूस सोबत लागेल.

खाडीकाठ

ज्या दिवशी खाडीचे गणित जुळत नसेल त्या दिवसासाठी किनारी रस्त्यालगतचा नवा पदपथ लक्षात ठेवावा. प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीच्या दिशेने जाणारा हा पदपथ ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. तो रुंद आणि सपाट आहे, मात्र सावली नाही, म्हणून सूर्य कलल्यावरच जावे. मरीन ड्राइव्ह तुम्हाला माहीतच आहे.

गिरणगावची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल, वद्य दशमीला, मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि सव्वाचारला आम्ही शिवडीच्या जेट्टीवर होतो. सुरुवातीला पक्षी लांब होते. पाच वाजून गेल्यावर पाणी चढू लागले आणि पूर्ण थवा पावलापावलाने आमच्याकडे येऊ लागला. साडेपाचला त्यांच्या चोचींचा पाण्यातला चुळबुळ आवाज आणि घशातली कुरकुर स्पष्ट ऐकू येत होती. वडील खुर्चीवरून उठून उभे राहिले ते अंधार पडेपर्यंत बसले नाहीत. शेवटी मीच त्यांना गुडघ्याची आठवण करून दिली.

रात्री त्यांनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने प्रत्येक तिथीपुढे पाऊणपट लिहून काढली. पुढच्या रविवारी शुद्ध पंचमी आहे, भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. तेव्हा सकाळी कार्टर रोडला निवट्या पाहायच्या असे ठरले आहे. वांद्रे स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडताना जिना टाळता येईल असा मार्ग कोणता, एवढे कोणी सांगू शकेल का?