हायस्कूल नऊ किलोमीटरवर : आठवीत जाणाऱ्या मुलीच्या रोजच्या प्रवासाची सोय कशी करावी?

काळी_माती

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका लहान गावात शेती करतो. आमच्या गावातील जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. माझी मुलगी येत्या जूनमध्ये आठवीत जाईल आणि त्यासाठी तिला रोज नऊ किलोमीटरवरील तालुक्याच्या गावी जावे लागेल. तिच्या वर्गात सात मुली आहेत. त्यांपैकी दोघींच्या घरी 'एवढ्या लांब रोज कोण पाठवणार' अशी बोलणी आताच सुरू झाली असल्यामुळे हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरापुरता राहिलेला नाही.

हायस्कूल साडेदहाला भरते आणि पाच वाजता सुटते. गावातून सकाळी सव्वासातला एक बस जाते आणि दुसरी थेट साडेअकराला. परतीची बस तालुक्याहून पावणेपाचला सुटते, म्हणजे शाळा सुटण्याच्या पंधरा मिनिटे आधी, आणि त्यानंतर येते ती साडेसातची मुक्कामी गाडी. मधल्या वेळेत मुले वडापच्या जीपने फाट्यापर्यंत येतात आणि तेथून तीन किलोमीटर चालत गाव गाठतात.

गेल्या आठवड्यात मी स्वतः त्या जीपने आलो. मागच्या पायरीवर गणवेशातील तीन मुले बाहेरच्या बाजूला लोंबकळत उभी होती. त्यांतील एकाने दप्तर छातीवर उलटे अडकवले होते. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, पाठीवर असलं की ते मागं ओढतं आणि हात सुटतो." ते ऐकल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

शेजारच्या घरी दहावीतील मुलाच्या हाती मोटारसायकल दिली आहे. तो मार्ग मला मान्य नाही. मुलींसाठी मोफत पास आहे, सायकल मिळते, असे ऐकून आहे. यांपैकी नेमके काय मिळते, आणि बसची वेळ बदलून घेण्यासाठी कोणाकडे व कसे जावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

जुना_नियंत्रक

मी एस.टी.मध्ये वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. तुमच्या गावाला बस नाही असे नसून तिची वेळ जुळत नाही, एवढीच अडचण आहे, आणि अर्ज लिहिताना हा फरक पहिल्याच ओळीत स्पष्ट करा. नवी फेरी मागितली तर आगाराला गाडी, चालक आणि वाहक हे तिन्ही नव्याने उभे करावे लागतात. वेळ पुढे नेण्याची मागणी केली तर तीच गाडी अर्धा तास उशिरा सोडायची असते. मात्र तुमची पावणेपाचची गाडी गावातून परत फिरल्यावर पुढे कोठे जाते, हे आधी तिच्या चालकाला किंवा वाहकाला विचारून घ्या. ती पुढे दुसऱ्या गावाच्या फेरीला लागत असेल, तर तुमची वेळ बदलताना त्या गावाचे वेळापत्रक बिघडते आणि अर्ज तेथेच अडतो. तसे असेल तर त्या गावच्या सरपंचांना आधी भेटा आणि दोन्ही गावांचा अर्ज एकत्र द्या.

दुसरी बाब पासची. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेसाठी मोफत पास मिळतो. मुलांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. जी मुले वडापने जातात ती पास काढत नाहीत, आणि पास नसलेली मुले आगाराच्या कागदावर कोठेच दिसत नाहीत. फेरीचे भारमान पाहून निर्णय घेणाऱ्या माणसासमोर तुम्ही 'पुष्कळ मुले आहेत' असे कितीही सांगितले तरी त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून वेळ गैरसोयीची असली तरी पास सर्वांनी काढावेत. अलीकडच्या वर्षांत शाळेतच पास देण्याची मोहीम एस.टी.ने हाती घेतली आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांनी यादी पाठवली की आगारात रांगेला उभे राहण्याची वेळही येत नाही.

अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे करावा आणि त्याची प्रत विभाग नियंत्रकांना द्यावी. सोबत मुख्याध्यापकांचे पत्र, गावनिहाय विद्यार्थ्यांची यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. हे सारे मे महिन्यातच उरका.

शाळेची_घंटा

मी एका ग्रामीण हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे. काकांनी सांगितलेल्या गोष्टींना एक जोड द्यावीशी वाटते. बस हलत नसेल तर शाळा हलू शकते. आमच्याकडे सहा गावांची मुले येतात. परतीच्या गाडीसाठी शेवटच्या तासाला निम्मा वर्ग दप्तर भरून दाराकडे पाहत बसायचा आणि त्या तासाला नेमके गणित असायचे. शेवटी शालेय समितीत विषय मांडून आम्ही शाळा अर्धा तास आधी भरवायला व सोडायला लागलो. शिक्षकांपैकी काहींची गैरसोय झाली, हे खरे आहे. पण गणिताचा तो तास मुलांना परत मिळाला, हे मी माझ्या कामातील मोठे समाधान मानते. तुमचे हायस्कूल साडेचारला सुटले तर पावणेपाचची गाडी आहे तशीच चालेल. सकाळची अडचण मात्र याने सुटणार नाही.

कायद्याचेही सांगते, कारण पालकांना ते सहसा कोणी सांगत नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तो आठवीपर्यंत लागू होतो. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. तुमच्या मुलीला आठवीसाठी नऊ किलोमीटर जावे लागते. तेव्हा वाहतुकीच्या सोयीसाठी अथवा भत्त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करण्याचा तुम्हाला पूर्ण आधार आहे. ती नववीत गेली की हा आधार संपतो. अंतर तेच, रस्ता तोच, मुलगीही तीच, आणि शाळा सुटण्याचा धोका तर नववी-दहावीतच अधिक असतो. हा कायदा दहावीपर्यंत न्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमातील १२५ तालुक्यांमध्ये येतो का, हे पंचायत समितीत विचारा. येत असेल तर आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी एस.टी.च्या निळ्या बस त्या तालुक्यासाठी स्वतंत्र दिलेल्या असतात आणि त्यांच्या फेऱ्या शाळेच्या वेळेशीच जुळवायच्या असतात. सायकलीसाठी त्याच कार्यक्रमातून अनुदान मिळते, पण ते शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी असल्यामुळे तुमच्या गावाला बसचाच आग्रह धरावा लागेल.

सायकलवाली_ताई

दादा, मी आठवी ते दहावी अशाच गावातून शिकले आणि आज परिचारिका आहे. काळ्या रानातील कच्च्या रस्त्यावर पावसाळ्यात सायकलीचे काय होते, ते सायकल देणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. चिखल मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये ठासून बसतो आणि चाक फिरतच नाही. मी कॅरिअरला बाभळीची एक चपटी काडी बांधून ठेवायचे आणि दर शंभर पावलांवर खाली उतरून चिखल खरवडायचे. शेवटी बाबांनी दोन्ही मडगार्ड काढून टाकले. त्यानंतर चिखल पाठीवर उडायचा, पण सायकल चालायची.

आम्ही सहा जणींनी पुढे एक मार्ग काढला. फाट्यापर्यंत सायकल, आणि तेथून मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या. फाट्यावर एका आजीबाईंच्या अंगणात सायकली ठेवायचो. तुमच्या मुलीला सकाळी याचा उपयोग होईल, कारण मोठ्या रस्त्यावर गाड्या अधिक असतात. मात्र मोफत पासावर त्या मार्गाची व थांब्याची नोंद करून घ्या, नाहीतर वाहकाशी रोज वाद होतो.

साडेसातच्या मुक्कामी गाडीवर मुलींना सोडू नका. शाळा सुटल्यावर अडीच तास स्थानकात बसावे लागते. मासिक पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहाला कुलूप असले की काय हाल होतात, ते मी सोसले आहे, आणि घरी सांगायची लाज वाटल्यामुळे त्या दिवसांत शाळाच बुडायची. हे मुली बोलत नाहीत. वहिनींना विचारायला सांगा.

प्रवासाचा दुसरा मार्गही ठरवून ठेवा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. तेव्हा माझी धाकटी बहीण दहावीत होती. फाट्याची सायकल होती, म्हणून तिची शाळा चालू राहिली.

पालक_४१४

मोटारसायकलीबद्दल थोडेच लिहितो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, बारा महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. शेजाऱ्यांना हे शांतपणे वाचून दाखवा.

काळी_माती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मारुतीच्या पारावर पालकांची बैठक घेतली. तीन गावांची मिळून तेवीस मुले-मुली निघाली, त्यांत चौदा मुली आहेत. त्यांतील पास कोणाकोणाकडे आहे, हे विचारले तेव्हा फक्त पाच हात वर झाले, आणि जुने नियंत्रक काका काय म्हणत होते ते सर्वांना तेथल्या तेथे कळले.

पावणेपाचची गाडी आमच्या गावाहून शेजारच्या तांड्यावर जाते. तांड्याची सहा मुलेही त्याच हायस्कूलमध्ये शिकतात, त्यामुळे गाडी सव्वापाचला सुटावी असे त्यांनाही हवे आहे. दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव सोमवारी होतील. मुख्याध्यापकांना शाळेच्या वेळेविषयीही भेटणार आहोत. फाट्यावर सायकली ठेवायला किराणा दुकानदाराने मागची पत्र्याची शेड देऊ केली आहे.

पत्नीने त्या दोन मुलींच्या आयांशी बोलणे केले. एक तयार झाली. दुसरीचे म्हणणे आहे की बसची वेळ कागदावर आल्याशिवाय ती 'हो' म्हणणार नाही. तिच्यासाठी आगाराच्या पत्राची एक प्रत वेगळी काढायचे ठरले आहे.