शिक्षेला स्थगिती मिळाली, पण गावबंदीची अट आहे: घरच्यांनी काय सांभाळायचं?

पांदणरस्ता (प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक घर. कर्त्या माणसाला पोक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम ८ खाली तीन वर्षं सक्तमजुरी आणि दंड झाला. नागपूर खंडपीठात अपील दाखल आहे, शिक्षेला स्थगिती मिळाली आहे, माणूस बाहेर आहे. अटी अशा: अत्याचार झालेल्या मुलीच्या गावात जायचं नाही; मुलीशी, तिच्या घरच्यांशी स्वतः किंवा कुणामार्फत संपर्क करायचा नाही; महिन्याच्या १ आणि १६ तारखेला पोलीस ठाण्यात हजेरी; राहायचा पत्ता कोर्टाला कळवायचा. अडचण ही की मुलीचं गाव आणि याचं गाव एकच. तो आता दुसऱ्या तालुक्यात बहिणीकडे राहतो. मागे बायको, म्हातारी माय, शाळेतली दोन लेकरं आणि चार एकर कोरडवाहू. सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर. पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर उभी आहे.

बायको-लेकरं त्याला भेटायला गेली तर अट मोडते का? रात्री वावरात येऊन गेला तर? कापूस विकणं, पीककर्ज कसं करायचं? गावातले काही जण म्हणतात, बसून मिटवून घ्या. ते चालते का?

कोर्टाची_पायरी

गावाचं नाव टाकलं नाही ते बरं केलं, पुढंही टाकू नका. गाव, नातं, शाळा यांवरून मुलगी ओळखू येत असेल तर ते छापणं हाच वेगळा गुन्हा आहे, आणि असल्या चर्चेलाही तो लागू होतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण घरं तिथंच बुडतात. मिटवून घेणं चालत नाही. पोक्सोचा गुन्हा आपसात मिटत नाही, शिक्षा झाल्यावर तर प्रश्नच नाही. ‘कुणामार्फत’ हा शब्द आदेशात आहे. म्हणजे माय रडत त्यांच्या दारात गेली, काकानं पोलीस पाटलाला मध्ये घातलं, तंटामुक्त समितीनं बैठक लावली, तर ते याच्या खात्यावर जमा होतं. त्या घरानं ठाण्यात एक अर्ज दिला की सरकारी वकील स्थगिती रद्द करायला मागतो. जामीनदाराचा बंधपत्रातला पैसाही अडकतो, आणि जामीनदार बहुतेक सख्खा भाऊ नाहीतर मामाच असतो.

भेटीचं: अट त्याच्यावर आहे, बायको-लेकरांवर नाही. बहिणीच्या गावी जाऊन भेटायला, राहायला हरकत नाही. फक्त घरातलं कुणी खटल्यात साक्षीदार होतं का ते पाहा. असेल आणि आदेशात साक्षीदारांशी संपर्काची मनाई असेल, तर त्या माणसापुरतं वकिलाला विचारूनच.

आता वावर. आदेशाची प्रमाणित नक्कल हातात घ्या आणि मनाईची ओळ शब्दाशब्दानं वाचून घ्या. आदेश इंग्रजीत असतो, आणि घरच्यांकडे असते ती वकिलाच्या कारकुनानं सांगितलेली गोष्ट. ‘गाव’ लिहिलंय, ‘तालुका’ लिहिलाय, की ‘अमुक पोलीस ठाण्याची हद्द’? गाव म्हटलं की गावठाण आणि शिवार दोन्ही धरून चाला. वावर शेजारच्या मौज्यात (महसुली गावात) असेल तर सातबारावर तो मौजा दिसेल. तेव्हा कागदावर तो बंदीबाहेर असतो, पण बैलबंडीचा रस्ता गावातूनच जात असेल तर उपयोग शून्य. रात्री येऊन जाणं म्हणजे अट मोडणंच. अंधाराची सवलत आदेशात नसते, आणि आजकाल कुणीतरी मोबाईलवर फोटो काढतंच.

ठाण्याची हद्द लिहिली असेल तर आणखी एक घोळ होतो. हजेरी त्याच ठाण्यात लावलेली असते, म्हणजे जायलाही पाहिजे आणि जायचंही नाही. ‘हजेरीपुरतं सोडून’ असे शब्द नसतील तर राहत्या ठिकाणच्या ठाण्यात हजेरी बदलून मागायचा अर्ज हायकोर्टात करावा लागतो. ठाणेदाराच्या तोंडी ‘चालते’वर राहू नका, त्याची बदली होते. दर हजेरीला ठाण्याच्या नोंदवहीत सही, आणि आपल्या वहीवर तारीख, वेळ, हवालदाराची सही किंवा शिक्का. दोन वर्षांनी ‘गैरहजर’ असा अहवाल गेला तर ही वहीच कामी येते.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. बहिणीकडे काढलेले महिने शिक्षेत धरले जात नाहीत. वजा होतात ते फक्त कोठडीत आणि तुरुंगात प्रत्यक्ष काढलेले दिवस. अपील फेटाळलं तर उरलेली शिक्षा पूर्ण भोगावी लागते. खंडपीठात विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांची अपिलं पडून आहेत, तेव्हा ही गावबंदी दोन-तीन हंगामांची समजूनच घराची आखणी करा.

गटसचिव_निवृत्त

कागदाचं मी सांगतो. तो बाहेर आहे तोवर बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या. तो आता राहतो तिथल्या दुय्यम निबंधकाकडे होतं, गावी यावं लागत नाही. उद्या आत गेला तरी मार्ग बंद होत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्ये तुरुंगातल्या माणसाला निबंधक कार्यालयात हजर राहण्यापासून सूट आहे. पण मग अधीक्षकामार्फत कागद फिरतो, आणि त्यात पेरणी निघून जाते. मुखत्यारपत्रात शेती करणं, मक्त्यानं किंवा बटईनं देणं, सोसायटी (गावची पीककर्ज देणारी सहकारी संस्था) आणि बँकेचे व्यवहार, पीकविमा, नुकसानभरपाई हे वेगवेगळं लिहा. ‘सर्व कामे’ एवढंच लिहिलं की बँक परत पाठवते. जमीन विकायचा अधिकार टाकू नका. अशा घराच्या वावरावर डोळा ठेवणारे नातलगच जास्त.

पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं भरून नवं उचलणं) ३१ मार्चच्या आत झालं पाहिजे, नाहीतर तीन लाखांपर्यंतची व्याजसवलत जाते. सोसायटीचे कागद गावाबाहेर नेऊन त्याची सही घेता येते. सोसायटीच्या गटसचिवाला फेब्रुवारीतच सांगून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तो कुणाचंच ऐकत नाही. ई-पीक पाहणी वावरात उभं राहून फोटो काढून होते, ती बायकोनं किंवा शेजाऱ्यानं फोनवर करावी. सातबाऱ्यावर पेरा चढला नाही तर सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस घालताना अडतं. तिथं सातबाऱ्यावरच्या नावाचंच आधार आणि त्याला जोडलेलं खातं लागतं, पैसे त्याच्या खात्यात जातात. खरेदी केंद्र बंदीच्या हद्दीत येत असेल तर दुसरं केंद्र मिळतं का ते दिवाळीआधी बाजार समितीत विचारा. मुखत्यारपत्र दाखवून व्यापाऱ्याला देता येतं, पण भाव पडतो.

रानजाई

वावराचं झालं, आता त्या बाईचं बोला. घर चालवायचं तिनं, आणि गावात मान खाली घालायची तीही तिनंच.

लेकरांसाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. मंजूर झालं तर लेकरामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. बाप तुरुंगात असेल तर अर्ज सोपा पडतो. बाप बाहेर असताना बालकल्याण समिती परिस्थिती पाहून ठरवते. तिला स्वतःसाठी वकील हवा असेल, म्हणजे खावटी (पोटगी) किंवा वेगळं राहण्यासाठी, तर तालुका विधी सेवा समितीत मोफत मिळतो. बाईला उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. तिनं नवऱ्याच्या बाजूनंच उभं राहिलं पाहिजे असं कुठल्या कायद्यात नाही.

रेशन दुकानदार टाळत असेल तर धान्य दुसऱ्या कोणत्याही दुकानातून उचलता येतं, आणि तक्रार तहसीलच्या पुरवठा निरीक्षकाकडे. जातीच्या पंचांनी ‘यांच्याकडे जायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही’ असं फर्मान काढलं तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र शेजारीण बोलत नाही म्हणून तो लागत नाही. तिच्या मनाविरुद्ध तिला बोलायला लावणारा कायदा नाही, आणि नसावा.

बहिणीच्या घरात लहान मुली असतील तर त्याचा मुक्काम तिथं नको. आदेशात लिहिलं नसलं तरी नको. पत्ता पडताळायला पोलीस येतात, तेव्हा बहिणीच्या सासरच्यांना प्रकरण आधीच सांगून ठेवा, दारात कळलं तर त्याच रात्री पिशवी बाहेर येते. आणि दोन्ही घरांची लेकरं एकाच शाळेत असतील तर आपल्या लेकरांना बजावा की त्या मुलीबद्दल एक शब्द नाही. ती गावात मोकळी फिरावी म्हणूनच ही अट आहे, त्याला छळायला नाही.

पांदणरस्ता

सर्वांचे आभार. वैशाखात त्याच्या सख्ख्या पुतणीचं लग्न गावातच आहे. दोन दिवसांची परवानगी मिळते का?

कोर्टाची_पायरी

मागता येते. अट हायकोर्टानं घातली, म्हणून अर्जही तिथंच. यवतमाळच्या कोर्टात नाही, ठाण्यात तर मुळीच नाही. लग्नपत्रिका, नेमक्या तारखा, कुठे मुक्काम, मुलीच्या घरापासून मांडव किती अंतरावर, हे सगळं शपथपत्रावर. मुलीच्या पालकांना नोटीस जाते, त्यात एक-दोन तारखा जातात, म्हणून दीड-दोन महिने आधी अर्ज पडला पाहिजे. कोर्टाची उन्हाळी सुट्टीही मे महिन्यातच लागते. सख्ख्या आई-वडिलांच्या अंत्यविधीला परवानगी लवकर मिळते, पुतणीच्या लग्नाला नाहीही मिळत. त्यापेक्षा लग्न तालुक्याबाहेरच्या मंगल कार्यालयात घ्या. अर्जाचा खर्चही वाचेल, आणि त्या पोरीच्या दारावरून वरातही जाणार नाही.